उलट्या चकतीचं दहाचं नाणं

गेल्या दिवाळीनंतर मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर 4500 रुपये मोजून मी एक दहाचं नाणं घेतलं. नाणी जमवतोय सात-आठ वर्षं, म्हणजे अगदीच नवखा नाही. तरी फसलो.

पिवळ्या कड्यावर 'भारत', पण मधल्या पांढऱ्या चकतीवर सिंहांऐवजी रुपयाचं चिन्ह. पालटलं की मागे सिंह. विकणारा हळूच म्हणाला, "साहेब, सेंटर उलटं. टाकसाळीतून एखादंच सुटतं." झालं, मी विरघळलो. एरर नाण्यांचं वेडच तसलं. ठसा सरकून कडेला कोरी चंद्रकोर राहिलेलं नाणं, किंवा आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिल्यामुळे एका अंगाला त्याचीच खोलगट, उलटी छबी उमटलेलं 'ब्रॉकेज'. टाकसाळीच्या तपासणीतून निसटलेलं असं काही हाती लागलं की माणूस भाव करायचंही विसरतो.

घरी आल्यावर ओळखीच्या एका जुन्या संग्राहक काकांना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, कडं आणि चकती एकत्र कधी होतात?"

मी गप्प.

"दोन्ही कोरी असताना ठशाखाली जातात. एकाच दाबात एकमेकांत रुततात आणि त्याच दाबात छापही उमटतो. मग कड्यावर एका ठशाचा छाप आणि चकतीवर दुसऱ्याचा, हे एकाच अंगाला येईल कसं?"

म्हणजे नंतर कोणीतरी चकती ठोकून काढली आणि उलटी बसवली. भिंग लावलं तर सांध्यावर कानशीचे बारीक ओरखडे, एका जागी वाळलेल्या डिंकासारखं काहीतरी. टेबलावर टाकलं तर खणकन न वाजता बद्द वाजलं. फुटपाथवरही हे कळलं असतं. भिंग खिशातच होतं!

दोन्हीकडे छापा असलेली नाणीही अशीच बनवतात. एक नाणं पोखरून त्यात दुसऱ्याचा छापा बसवायचा. सांधा बहुतेक वेळा काठाच्या आतल्या बाजूला लपवलेला असतो, तिथे नख फिरवून बघा. फोनवर 'तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी कमिशन भरा' म्हणणारे वेगळे. त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सावध केलंय.

पुढच्या शनिवारी गेलो तर त्या जागी बेल्टवाला बसलेला. दिलेला नंबर बंद. शेवटी वैतागून ते नाणं वाण्याला दहा रुपये म्हणून दिलं. त्याने दोनदा पालटून पाहिलं आणि म्हणाला, "हे नको, दुसरं द्या."