स्ट्रॉबेरी, डिसेंबर ते मार्च: ३१ डब्यांनंतर

परवा ३१वी डबी उघडली. वरचा थर लालभडक, आणि खालच्या थरात तीन फळांवर राखाडी बुरशीची लव. म्हणून हे लिहायला बसले.

स्ट्रॉबेरी चांगली की वाईट, हा प्रश्नच नाही. महाबळेश्वरची आहे, २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, चवीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार डबीबद्दल आहे. पाव किलो म्हणून विकतात. मी घरच्या काट्यावर ठेवली: डबीसकट २२४ ग्रॅम, त्यात रिकामी डबी १६ ग्रॅमची. म्हणजे हातात २०८. हे म्हणाले, "फळं मोजतेस की सोनं?" डिसेंबरात डबीला ८० रुपये दिल्यावर मोजणारच ना!

एवढ्या डब्या का आणल्या, तर मुलीने गेल्या वर्षी दूध-तूप सोडलं. आमच्याकडे स्ट्रॉबेरी म्हणजे क्रीम, नाहीतर मिल्कशेक. दोन्ही बंद. आता हिला काय घालून द्यायची? पहिला आठवडा काळं मीठ आणि तिखट लावून दिली, पेरूसारखी. हीच सगळ्यात सोपी आणि आजही सगळ्यात आवडती.

मग सुचले रोसातले पोहे. पातळ पोहे, नारळाचं दूध, गूळ, वेलची, वरून स्ट्रॉबेरीच्या फोडी. पहिल्यांदा दूध कोमट असतानाच फोडी घातल्या आणि ते फाटलं. फळ आंबट आहे हे जिभेला कळतं, मला कळलं नाही. आता पोहे पूर्ण गार करते, फोडी अगदी वाढताना घालते. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतले.

शेंगदाण्याचं दहीही लावून पाहिलं. दाणे भिजवून वाटायचे, दूध गाळून उकळायचं, कोमट झालं की विरजणाऐवजी हिरव्या मिरचीची देठं टाकायची. लागतं, पण थंडीत दीड दिवस घेतं आणि दाण्याचा वास राहतो. स्ट्रॉबेरीने तो झाकला जात नाही. दोनदा केलं, पुरे.

आता पुन्हा डबीकडे. जानेवारीपर्यंत माझं ठाम मत होतं की विक्रेता मुद्दाम खाली सडकी फळं घालतो. जाऊन भांडलेही. तो म्हणाला, "काकू, स्ट्रॉबेरी आहे ती, बटाटे नाहीत. घरी नेऊन काय करता?" काय करते? आल्या आल्या धुते, पुसते, डबीत भरून फ्रीजमध्ये ठेवते. त्याने कपाळाला हात लावला. ओल राहिली की बुरशी धरणारच. पुढची डबी न धुता, ताटलीत फडकं घालून एका थरात पसरून ठेवली. चार दिवस टिकली. तर बुरशीतला निम्मा दोष माझा, हे कबूल.

निम्माच, कारण खालची पांढऱ्या खांद्यांची फळं मी नाही घातली. चिकूसारखी पिकतील म्हणून केळ्यांच्या शेजारी दोन दिवस ठेवली. मऊ पडली, गोड झाली नाहीत. हे फळ तोडल्यावर पुढे पिकत नाही, लालपणा थोडा चढतो इतकंच. जानेवारीत भिलारजवळ एका शेतातून वाफ्यावर पूर्ण पिकलेली उचलून खाल्ली तेव्हा फरक कळला. पुण्याला ती तशी पोचणारच नाही, वाटेतच तिचा रस होईल.

मग त्या आंबट फळांची कोशिंबीर केली. बारीक चिरून, दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, तेलाची हिंग-जिरं-मिरचीची फोडणी. खरं सांगते, गोड फळाची ही कोशिंबीर मिळमिळीत होते. आंबटच हवी. फेब्रुवारीत डबी ४० वर आली तेव्हा मी चक्क कच्चट बघून उचलायला लागले. विक्रेता आता माझ्याकडे संशयाने बघतो.

जॅमच्या भानगडीत पडले नाही. १०० ग्रॅममध्ये साधारण ५९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, संत्र्याहून थोडं जास्तच, आणि ते शिजवून घालवायचं, वर तितकीच साखर ओतायची? त्यापेक्षा शेवटच्या सहा डब्या देठं काढून, धुऊन, अगदी कोरड्या करून ताटात सुट्या गोठवल्या आणि मग पिशवीत भरल्या. एकदम पिशवीत भरलं तर वीट होते, फोडायला बत्ता लागतो. मे महिन्यात सब्जा घालून सरबत करणार. नुसती खायला मात्र ती नाही, वितळली की लिबलिबीत.

पाचपैकी साडेतीन तारे. एक खालच्या थराचा कापला, अर्धा वजनाचा. डबीमागे ४२ ग्रॅम कमी, ३१ डब्या, म्हणजे १ किलो ३०२ ग्रॅम स्ट्रॉबेरी मी न खाताच विकत घेतली आहे. रिकाम्या डब्यांना भोकं आहेत, त्यात मेथी पेरली आहे.