'नो रूम टू स्विंग अ कॅट': वाक्य करायला कोणता शब्दकोश खरंच उपयोगी पडतो?

जागा अगदीच तोकडी असली की इंग्रज माणूस म्हणतो, 'देअर्स नो रूम टू स्विंग अ कॅट'. अर्थ कुठलाही ऑनलाइन शब्दकोश एका ओळीत सांगून मोकळा होतो. अडतं ते पुढे, आपलं स्वतःचं वाक्य करताना. म्हणून इथे कोशांना एकच कसोटी लावली आहे: नोंद वाचून झाल्यावर शिकणाऱ्याच्या हातून बरोबर वाक्य उतरतं का?

या कसोटीवर कॉलिन्सचा कोबिल्ड कोश सरस. १९८७ मध्ये पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून हा कोश अर्थ तुकड्यात न देता पूर्ण वाक्यात देतो: 'अमुक ठिकाणी तमुक नाही असं तुम्ही म्हणता, तेव्हा तुम्हाला असं म्हणायचं असतं…' अर्थासोबत वाक्याचा सांगाडाही फुकट मिळतो. सुरुवातीला 'देअर', मग नकार, मग 'रूम टू स्विंग अ कॅट', शेवटी 'इन' आणि ठिकाण. हा क्रम डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश हीच म्हण 'रूम'च्या नोंदीत, खाली म्हणींच्या भागात देतो. व्याख्या ठीकच आहे, पण खरी किंमत आहे ती शेजारच्या 'इन्फॉर्मल' या एका शब्दाला. ही बोलीतली म्हण आहे. मित्राला नव्या फ्लॅटबद्दल सांगताना शोभते, कार्यालयीन पत्रात किंवा परीक्षेतल्या औपचारिक निबंधात नाही. तिथे 'स्पेस इज लिमिटेड' किंवा 'द रूम इज क्रॅम्प्ट' लिहावं. ही खूण नसलेला कोश अर्थ बरोबर सांगूनही विद्यार्थ्याला तोंडघशी पाडू शकतो.

सगळ्याच कोशांत एक गोष्ट म्हणीपाशी लिहायची राहून जाते. इथे 'रूम' म्हणजे खोली नव्हे, जागा. त्या अर्थाने हा शब्द मोजता येत नाही, म्हणून त्याच्या आधी 'अ' लागत नाही. 'रूम'च्या मुख्य नोंदीत हे वेगळ्या अर्थाखाली दिलेलं असतं, पण म्हण शोधायला आलेला माणूस तिथवर वर सरकत नाही. परिणाम ठरलेला: 'देअर इज नॉट अ रूम टू स्विंग अ कॅट'. चूक. 'देअर इझन्ट रूम' किंवा 'देअर इझन्ट इनफ रूम' हवं. तसंच 'अ कॅट' जसंच्या तसं राहतं. 'द कॅट' केलं की कुणाच्या तरी खऱ्या मांजराची काळजी वाटू लागते. 'रूम फॉर स्विंगिंग अ कॅट' हेही कानाला खटकतं.

नेहमीच्या वापरातले साचे तीनच. 'देअर वॉजन्ट इनफ रूम टू स्विंग अ कॅट इन द किचन.' 'यू कुडन्ट स्विंग अ कॅट इन देअर', यात 'रूम' गळतो आणि वाक्य जास्त बोलकं होतं. तिसरा 'बेअरली' किंवा 'हार्डली' घेऊन: 'देअर वॉज हार्डली रूम टू स्विंग अ कॅट.' 'हार्डली'तच नकार आहे, म्हणून सोबत 'वॉजन्ट' घालायचा नाही. नकार काढून टाकून 'देअर इज रूम टू स्विंग अ कॅट' असं घराचं कौतुक केलं, तर ऐकणारा विनोद समजेल. म्हण खोल्या, केबिन, होड्या, छोटी ऑफिसं यांच्यासाठी. वेळ, बजेट किंवा फोनची मेमरी कमी पडली तर ती चालत नाही. आपल्याकडच्या 'मुंगी शिरायला जागा नाही'शी तिची जोडी लावणारे बरेच, पण त्यात गर्दी डोळ्यांपुढे येते आणि इथे मुख्यतः आकार. रिकामी खोलीसुद्धा या म्हणीत बसते.

नमुना वाक्यांचा ढीग हवा असेल तर स्केल (SkELL) हे मोफत ऑनलाइन साधन बघा. 'स्विंग अ कॅट' टाका, जास्तीत जास्त चाळीस वाक्यं येतात. ब्रिटिश आणि अमेरिकन वापर मात्र वेगळा काढून मिळत नाही आणि तिथेच पाय घसरतो. अमेरिकेत 'यू कान्ट स्विंग अ डेड कॅट विदाउट हिटिंग…' अशी दुसरीच म्हण आहे. तिचा अर्थ एखादी गोष्ट पावलापावलावर सापडते, म्हणजे जवळपास उलट. वाक्यात 'डेड' किंवा 'विदाउट हिटिंग' दिसलं की ते बाजूला ठेवायचं. उच्चारासाठी यूग्लिश चांगलं. मेनूतून ब्रिटिश उच्चार निवडला की त्या शब्दांपाशी उघडणारे व्हिडिओ एकामागून एक ऐकता येतात. जोर 'स्विंग' आणि 'कॅट'वर, 'टू' आणि 'अ' जवळजवळ गिळलेले.

छापील पुस्तकांत एखादा शब्दसमूह किती आला ते आलेखात दाखवणाऱ्या गूगलच्या एनग्रॅम व्ह्यूअरवर अनेकांना 'काहीच सापडलं नाही' असं दिसतं, कारण तिथे पाच शब्दांपलीकडचा शोध चालत नाही. 'नॉट इनफ रूम टू स्विंग अ कॅट' हे सात शब्द. 'रूम टू स्विंग अ कॅट' बरोबर पाच, तेवढेच टाका. मग ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकांचे आलेख आलटूनपालटून पाहा.

व्युत्पत्तीच्या रकान्यावर फार विसंबू नये. जहाजावर शिक्षेसाठी वापरायच्या नऊ शेपट्यांच्या चाबकावरून ('कॅट ओ नाइन टेल्स') म्हण आली, असं बऱ्याच ठिकाणी ठामपणे छापलेलं असतं. पण म्हणीचा लेखी वापर १६६५ चा, प्लेगवरच्या एका पुस्तकातला; तिथेही लेखक तिला लोकांच्या तोंडची म्हण म्हणतो. चाबकाच्या त्या नावाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १६९५ ची. तारखांचा मेळच बसत नाही. हे न सांगता चाबकाची गोष्ट रंगवणाऱ्या कोशाचा एक गुण कापावा.

राहिली ती 'अमुक शब्द वाक्यात वापरा' छापाची, यंत्राने भरलेली पानं. एकाच सांगाड्यात किचन, बाथरूम, गॅरेज असे शब्द बदलून पंधरा-वीस वाक्यं, काळ एकच, बोलणारा कोण याचा पत्ता नाही. 'डेड कॅट'वाली वाक्यंही त्यातच मिसळलेली. फुकट असली तरी महाग पडतात.