पी-व्हॅल्यू रुसली तर: वाल्ड की लाइकलिहूड रेशो?

मिरजेत प्रबंध लिहिणाऱ्या पीजींसाठी (वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी). पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; वाल्ड आणि लाइकलिहूड रेशो या ती काढायच्या दोन चाचण्या. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉक्स रिग्रेशन (मृत्यूसारखी घटना घडेपर्यंतच्या काळावर कशाचा परिणाम होतो ते पाहणारं मॉडेल) चालवलं आणि तक्त्यात एका ओळीला एनए (आकडाच नाही), दुसरीला पी ०.९९ आलं, तर दोन्हींचं औषध वेगळं.

एनए असेल तर चाचणी बदलून उपयोग नाही. जन्मवर्ष, भरतीचं वर्ष आणि त्यांच्या वजाबाकीतून काढलेलं वय, तिन्ही घातल्यावर एकाला जागा उरतच नाही. एक काढा, विषय संपला.

खरी निवड ०.९९पाशी. समजा, मधुमेह नसलेल्या गटात एकही मृत्यू नाही. मग गुणांक (मधुमेहाचा परिणाम सांगणारा आकडा) अनंताकडे पळतो. आर तसा इशाराही देतं, पण तो वाचतो कोण! वाल्ड चाचणी गुणांकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने (अंदाजातल्या अनिश्चिततेने) भागते; तो भागाकार म्हणजे झेड. इथे त्रुटी गुणांकापेक्षा कितीतरी जास्त फुगते, झेड शून्याला टेकतो आणि सगळ्यात ठळक फरकच बिनमहत्त्वाचा ठरतो. लाइकलिहूड रेशो मात्र ते चल (इथे मधुमेह) असलेलं आणि नसलेलं अशी दोन मॉडेलं ताडून पाहते. गुणांक कुठेही पळो, लाइकलिहूड (मॉडेल नोंदींशी किती जुळतं त्याचं माप) मर्यादेतच राहतं. अशा वेळी मी डोळे झाकून हीच घेईन.

अट एकच: दोन्ही मॉडेलं त्याच रुग्णांवर हवीत. समजा, मोठ्या मॉडेलात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) जास्तीचं घातलं, तर त्याची नोंद नसलेले रुग्ण ते मॉडेल गुपचूप गाळतं आणि एनोव्हा (दोन मॉडेलं ताडणारी आरमधली आज्ञा) अडून बसतो. आधी पूर्ण नोंदींचा संच वेगळा काढा.

वाल्ड अगदीच टाकाऊ नाही. एकाच रुग्णाच्या अनेक नोंदी असल्या आणि रोबस्ट त्रुटी (नोंदी एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे धरून काढलेली प्रमाण त्रुटी) वापरली, तर नोंदी स्वतंत्र असल्याचं लाइकलिहूड रेशोचं गृहीतकच मोडतं. तिथे वाल्डच घ्या.