व्हर्टस जीटी : आठ महिने ट्यून, चार महिने पुन्हा स्टॉक

जानेवारी २०२३ मध्ये घेतलेली माझी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लस पहिली ३१,००० किलोमीटर कंपनीने दिली तशीच चालली, त्यानंतर सुमारे आठ महिने ट्यून केलेली, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली चालली, आणि गेले चार महिने ती पुन्हा मूळ सॉफ्टवेअरवर, म्हणजे स्टॉक आहे. तिन्ही अवस्था एकाच गाडीवर, एकाच रस्त्यांवर अनुभवल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

१.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाची मूळ ताकद १५० पीएस (अश्वशक्ती) आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क (पीळ) अशी आहे, आणि हा टॉर्क साधारण १,६०० ते ३,५०० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सपाट मिळतो. त्यापुढे तो उतरत जातो. माझी गाडी सात गिअरच्या डीएसजीची, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची आहे, आणि ट्यूनिंगचा सगळा प्रश्न येथूनच सुरू होतो, कारण या गिअरबॉक्सचे दोन्ही क्लच कोरडे (तेलात न बुडालेले) आहेत आणि त्याची क्षमताच २५० न्यूटन-मीटर धरलेली आहे. इंजिन याहून बरेच अधिक देऊ शकते, परंतु ते चाकांपर्यंत पोचवणाऱ्या क्लचमध्ये कारखान्यातूनच जास्तीची क्षमता राखलेली नाही.

हे मला ठाऊक होते, तरीही पहिल्यांदा मी दुकानातली तयार स्टेज वन फाइलच (इंजिनाचे भाग न बदलता ताकद वाढवणारे सॉफ्टवेअर) टाकून घेतली. दुकानदाराने १८० पीएसच्या पुढे आणि ३०० न्यूटन-मीटरच्या पुढे असे आकडे सांगितले होते, आणि पहिले काही दिवस गाडी खरोखरच वेगळी वाटली. नंतर लक्षात आले की या वेगळेपणातला मोठा भाग ॲक्सिलरेटरच्या पेडलचा होता. पूर्वी पाय अर्धा दाबल्यावर जेवढा टॉर्क मिळे, तेवढा आता पाव दाबल्यावर मिळत होता. सहाव्या आठवड्यात गाडीत चौघे जण आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये, २,००० आरपीएमच्या आसपास, पाय पूर्ण दाबला तेव्हा काटा एकदम तीनशे आरपीएमने वर उडाला आणि वेग मात्र होता तेवढाच राहिला. क्लच घसरला होता. वास आला नाही, दिवा लागला नाही, पण पुन्हा पाय दाबल्यावर पुन्हा तेच घडले. पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मूळ फाइल परत टाकून घेतली आणि क्लचचे ॲडॅप्टेशन (गिअरबॉक्सच्या संगणकाला क्लचची पकड नव्याने शिकवणे) करून घेतले. सुदैवाने कोणताही भाग बदलावा लागला नाही.

दुसरी फाइल दुसऱ्या ट्यूनरकडून, माझ्या गाडीचे लॉग (चालताना नोंदवलेले इंजिनाचे आकडे) पाहून बनवून घेतली, आणि या फाइलबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. अट एकच होती : टॉर्क कुठेही २५० च्या वर जाऊ नये. मग वाढवायचे काय, असा प्रश्न पडेल, तर त्यासाठी थोडे गणित पाहावे लागते. टॉर्कला आरपीएमने गुणून ७,०२४ ने भागले की पीएस मिळतात. ५,००० आरपीएमला मूळ गाडी १५० पीएस देते, म्हणजे तेथे टॉर्क २११ च्या आसपास उतरलेला असतो. तोच टॉर्क ५,००० पर्यंत २५० वर धरून ठेवता आला, तर त्याच ठिकाणी १७८ पीएस होतात, आणि क्लचवर मूळ गाडीपेक्षा जास्त पीळ कधीच येत नाही. माझ्या फाइलमध्ये टॉर्क ४,५०० पर्यंत धरला होता, म्हणजे तेथे सुमारे १६० पीएस, आणि तेथून तो हळूहळू सोडला होता. ताम्हिणीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना गाडी ४,००० नंतर दमत नाही, ओढतच राहते, हा आनंद खरा होता. ट्यून करणाऱ्याला ‘किती पीएस मिळतील’ असे विचारू नये, ‘कोणत्या आरपीएमला किती टॉर्क’ असे विचारावे, आणि आलेख दाखवत नसेल तर तेथून निघावे.

ही फाइल ९५ ऑक्टेनच्या, म्हणजे अवेळी न पेटणाऱ्या महागड्या पेट्रोलसाठी होती. मे महिन्यात चिपळूणहून परतताना साधे पेट्रोल भरून कुंभार्ली घाट चढलो, तेव्हा लॉगमध्ये नॉकमुळे (पेट्रोल अवेळी पेटल्यामुळे) इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, चार ते पाच अंश मागे घेतलेले दिसले. मूळ फाइलवर हाच आकडा एक-दोन अंशांच्या पुढे जात नाही. इंजिन स्वतःला सांभाळून घेते, पण उन्हाळ्यात, भरल्या गाडीने, साध्या पेट्रोलवर ट्यूनचा लाभ बहुतेक तेथेच संपतो. ॲव्हरेजमध्ये मला फरक आढळला नाही : शहरात बारा-तेरा, महामार्गावर अठराच्या आसपास. भार कमी असताना दोन सिलिंडर बंद करण्याची सोय आम्ही तशीच ठेवली होती. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर मी पाणी सोडले होते आणि विमा कंपनीला लेखी कळवले होते. ज्याला या दोन गोष्टी जड वाटतात, त्याने पुढचा विचार करूच नये.

आता स्टॉककडे परत का आलो, ते सांगतो. सर्व्हिसमध्ये सॉफ्टवेअर अद्ययावत झाले तर ट्यून पुसला जातो, म्हणून त्याआधी मी मूळ फाइल टाकून घेतली. गाडी आठवडाभर धाकट्या भावाकडे असते. तो कोथरूडहून चाकणला रोज जातो, आणि त्याला मी हे सांगायचे राहून गेले. नऊ दिवस त्याला काहीही कळले नाही. दहाव्या दिवशी, रविवारी, ताम्हिणीतून त्याचा फोन आला, ‘दादा, गाडी वर गेल्यावर ओढत नाही, काय केलेस?’ नाशिक फाटा, भोसरी आणि चाकण चौकाच्या गर्दीत ३,५०० आरपीएमच्या वर जाण्याची वेळच येत नाही, आणि त्या खाली माझी फाइल व मूळ गाडी यांत फरक नव्हताच.

महिन्यातून एखाद्या घाटासाठी वॉरंटी सोडणे आणि महागडे पेट्रोल शोधत फिरणे मला आता पटत नाही. ट्यूनसाठी पुन्हा जो खर्च झाला असता, त्यात मी पुढचे दोन चांगले टायर घेतले, २०५/५५ आर १६ या मूळ मापाचेच, आणि ब्रेक ऑइल बदलले. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये चाके घसरणे जवळजवळ थांबले आहे. मॅन्युअल गिअरची जीटी असती आणि वॉरंटी संपलेली असती, तर मी दुसरी फाइल आजच परत टाकली असती. ती फाइल ट्यूनरकडे जपून ठेवलेली आहे. भाऊ दर रविवारी तिची आठवण काढतो.