लिंच आत आहे, मग हॅरिसन?

जॉन लिंच आणि रॉडनी हॅरिसन. दोघेही अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधले सेफ्टी (बचावातला सर्वात मागचा खेळाडू), दोघांचेही पंधरा हंगाम, आणि निवृत्तीतही जेमतेम सात महिन्यांचं अंतर : लिंच नोव्हेंबर २००८ मध्ये थांबला, हॅरिसन जून २००९ मध्ये. लिंचला २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, जागा मिळाली. हॅरिसन २०२४ मध्ये पहिल्यांदा त्या निवडीच्या शेवटच्या पंधरा जणांत आला, पण निवड झाली नाही. दर हिवाळ्यात यादी आली की आमच्या मित्रमंडळीत यावर हात वर करून मतदान होतं. बरीच वर्षं माझं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. आता नाही.

लिंचच्या निवडीबद्दल माझ्या मनात काडीचाही किंतु नाही. त्याची २६ इंटरसेप्शन्स (प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडणं) कमी वाटतात, पण त्याच्या टँपा संघाचे सामने ज्यांनी त्या काळात पाहिलेत त्यांना कारण सांगायला नको. मैदानाच्या मधोमध धावणारा, पास झेलणारा रिसीव्हर बॉल हातात येण्याआधीच अंग चोरायचा, कारण लिंच येतोय हे त्याला ठाऊक असायचं. असा न झेललेला पास लिंचच्या नावावर कुठल्याच रकान्यात जमा होत नाही. २००४ मध्ये टँपाने त्याला सोडलं, तेव्हा तो संपला असं मलाही वाटलं होतं. तो डेन्व्हरला गेला आणि तिथल्या चारही हंगामांत त्याची प्रो बोलसाठी (लीगच्या दोन अर्ध्यांतल्या निवडक खेळाडूंचा तेव्हाचा सामना) निवड झाली. एक मात्र म्हणावंसं वाटतं. टँपात त्याच्या अवतीभवती वॉरन सॅप, डेरिक ब्रुक्स, राँडे बार्बर होते. ते तिघेही आज हॉलमध्ये आहेत. अशा बचावफळीत सेफ्टीचं ओझं थोडं तरी हलकं होत असावं.

हॅरिसनचे ३४ इंटरसेप्शन्स आणि ३०.५ सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं). दोन्हींत तिशी गाठणारा तो एनएफएलमधला पहिला खेळाडू. या दोन आकड्यांचा अर्थ मला खरा कळला तो सप्टेंबर २००६ मध्ये, हॅरिसनच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाच्या फॉक्सबरोतल्या स्टेडियममध्ये अगदी वरच्या रांगेत बसून. त्या रात्री हे दोघेही एकाच मैदानावर होते. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे धावतो, सेफ्टी दिसतो तो शेवटच्या क्षणी. वरून मात्र तो पहिल्यापासून दिसतो. लिंच आपल्या जागेवर पाय रोवून उभा, कुणालाही पुढे जाऊ न देणारा. हॅरिसन एकदा लाइनबॅकरच्या (सेफ्टीच्या पुढे उभ्या बचावपटूच्या) खांद्याला खांदा लावून पुढे, पुढच्याच प्लेला पंधरा यार्ड मागे, आणि मधल्या काही सेकंदांत हातवारे करत दोघा-तिघांना त्यांच्या जागा दाखवणारा. सामना डेन्व्हरने १७-७ असा जिंकला. मी गाडीत बसलो तो मात्र हॅरिसनचाच विचार करत. एका संध्याकाळवरून निकाल लावू नये हे मान्य, पण डोळ्यांनी पाहिलेलं पुसताही येत नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत कायमचं ठरवलं ती. वादात कुणी ना कुणी म्हणतंच : नऊ विरुद्ध दोन. लिंचचे नऊ प्रो बोल, हॅरिसनचे दोन. विषय संपला. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. त्या काळी प्रो बोलच्या निवडीत एक तृतीयांश वाटा चाहत्यांच्या मतांचा असायचा, बाकीचा खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा. २००३ चा हंगाम बघा. सॅन दिएगोने नऊ वर्षांनंतर सोडून दिलेला हॅरिसन पेट्रियट्सकडे आला. त्या वर्षी देशभरातल्या क्रीडा पत्रकारांनी त्याला ऑल-प्रोच्या पहिल्या संघात घेतलं, म्हणजे अख्ख्या लीगमधल्या सर्वोत्तम सेफ्टींमध्ये. आणि प्रो बोलमध्ये? निवडच नाही. लीगमध्ये सर्वोत्तम ठरलेला माणूस आपल्या अर्ध्या लीगच्या संघात बसत नाही! ज्या मोजपट्टीत असं होऊ शकतं, ती मी कुणाच्या पंधरा वर्षांना कशी लावू?

हॅरिसनच्या बाजूने बोलताना दोन गोष्टी झाकून ठेवणं बरोबर नाही. २००२ मध्ये जेरी राइसला दिलेल्या धडकेबद्दल त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली. २००७ मध्ये एचजीएच या बंदी असलेल्या वाढ-संप्रेरकामुळे चार सामन्यांची आली, आणि ती चूक त्याने स्वतः कबूल केली. दुसरी गोष्ट तुम्हाला खटकत असेल, तर मी वाद घालणार नाही. मलाही ती खटकते. तेवढ्यावर कुणी ‘नको’ म्हणत असेल, तर ते मी समजू शकतो. ‘नऊ विरुद्ध दोन’ मात्र नाही.

कारण जानेवारी २००५ मी विसरू शकत नाही. त्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत), सुपर बोल हा अंतिम सामना धरून, हॅरिसनची तीन सामन्यांत चार इंटरसेप्शन्स. पिट्सबर्गविरुद्ध त्यांच्या क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गरचा पास पकडून ८७ यार्ड धावत थेट टचडाउन. मग फेब्रुवारीत जॅक्सनव्हिलला सुपर बोल. पेट्रियट्सची २४-२१ अशी आघाडी, समोरचे फिलाडेल्फिया ईगल्स स्वतःच्या ४ यार्डांवर, घड्याळात ४६ सेकंद. आमच्याकडे दिवाणखान्यात एकही माणूस खुर्चीवर बसलेला नव्हता. ईगल्सचा क्वार्टरबॅक मॅकनॅबचा पास टाइट एंडच्या (पास झेलायला गेलेल्या त्याच्या साथीदाराच्या) बोटांना लागून वर उडाला आणि खाली आला तो हॅरिसनच्या हातात. नऊ सेकंद उरले होते. त्याचा त्या सामन्यातला तो दुसरा इंटरसेप्शन. पहिला त्याने पहिल्याच क्वार्टरमध्ये, आपल्या गोललाइनजवळ पकडला होता.

यंदाही हात वर करायची वेळ आली की माझा हॅरिसनसाठी वर जाईल.