सोलरला ५ युनिटची लिथियम बॅटरी जोडली, कशी आहे ते सांगते

छतावर सोलर आधीपासून होतं पण इन्व्हर्टर साधा ऑन-ग्रीड, म्हणजे बाहेरची लाईट गेली की भर उन्हात पॅनलपण बंद, आणि ते तसंच हवं कारण आपली वीज उलटी लाईनीत गेली तर खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. म्हणून हायब्रीड इन्व्हर्टर (बॅटरी जोडता येते आणि लाईट गेली तरी घर चालू ठेवतो तो) आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. ३.२ व्होल्टचे १६ सेल सिरीजमध्ये, झाले ५१.२ व्होल्ट, गुणिले १०० अँपिअर-अवर, म्हणजे साधारण ५ युनिट.

खरी मजा संध्याकाळी आहे. दुपारी पॅनल जोरात असतात तेव्हा घरात फ्रीज सोडला तर फारसं काही चालू नसतं, आणि ऊन उतरलं की दिवे पंखे एसी टीव्ही सगळं एकदम. अख्ख्या ग्रीडचं दुखणंही हेच, डक कर्व्ह म्हणतात तो हाच. मोठ्या पातळीवर त्याला पंप्ड स्टोरेज आहे, जास्तीच्या विजेवर पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं, तिथे १०० युनिट घातले तर ७०-८० परत मिळतात, लिथियममध्ये ९० च्या आसपास. आता आमची दुपारची वीज रात्री जेवणं होईपर्यंत पुरते आणि हे बघून खरंच समाधान वाटतं.

लाईट गेली की इन्व्हर्टरमध्ये टक् असा रिलेचा आवाज येतो, बस्स, कॉम्प्युटर चालूच राहतो.

घेण्याआधी एक नीट समजून घ्या, दुकानदार ते धड सांगत नाहीत. युनिट म्हणजे साठा किती, किलोवॅट म्हणजे एका वेळी किती ओढता येईल, दोन्ही वेगळं. पाण्याच्या मोटरला सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट लागतो, त्यामुळे बॅटरी फुल्ल असली तरी इन्व्हर्टर ट्रिप होऊ शकतो. बॅकअप लाईनवर, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या वायरिंगवर, फक्त गरजेच्या वस्तू घ्या, मोटर गीझर बाहेर ठेवा. दीड टनाचा एसी एकटाच दीड किलोवॅटच्या आसपास खातो, तीन तासांत बॅटरी साफ.

रिझर्व्हचं सेटिंग जरूर बघा. बॅटरी रोज तळाला नेली आणि रात्री लाईट गेली तर अंधारच! मी ३० टक्के राखून ठेवते, पावसाळी ढग असले की ५०. तीन-चार दिवस ऊनच नसेल तर मात्र ही बॅटरी काही करू शकत नाही, तेव्हा ग्रीड किंवा जनरेटर लागतोच, म्हणून जनरेटर जोडायची सोय असलेलंच मॉडेल घ्या.

राग येतो तो ॲपचा. रिझर्व्ह बदलायचं तर इंटरनेटवरूनच, इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर तो पर्यायच दिलेला नाही, आणि बसवणाऱ्यांनी राउटर बॅकअप लाईनवर घेतलाच नव्हता, म्हणजे नेमकी लाईट गेल्यावर ॲप बंद. तुमच्याकडे बसवत असतील तर राउटरचा प्लग आधी त्या लाईनवर घ्यायला लावा.