बूट कॅम्पमधल्या पोराला पत्र पाठवायचं ॲप, माझ्याकडून साडेतीन स्टार

आधीच सांगतो, ॲपचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कोणाशी भांडण नको. पोरगं यूएस नेव्हीत जाणार असेल तर चौकशी करताना असली ॲप तुम्हाला सापडतीलच, त्यातलंच एक.

आमचे चिरंजीव 2024 च्या मार्चमध्ये ग्रेट लेक्सला गेले, इलिनॉयमध्ये, शिकागोच्या वर लेक मिशिगनच्या काठावर. नेव्हीचा बूट कॅम्प, म्हणजे भरती झाल्यावरचं पहिलं ट्रेनिंग, अख्ख्या अमेरिकेत आता इथे एकाच ठिकाणी, पूर्वी सॅन दिएगो आणि ऑरलँडोलाही होते ते नव्वदच्या दशकात बंद झाले, त्यामुळे तुम्ही आमच्यासारखे न्यू जर्सीत एडिसनला राहा नाहीतर टेक्सासला, पोरगं जाणार तिकडेच. तेव्हा ट्रेनिंग 10 आठवड्यांचं होतं, 2025 च्या जानेवारीत 9 चं केलं. एवढ्या काळात फोन जवळ नाही. पोचल्यावर एक कॉल येतो, त्यात ठरलेली चार वाक्यं बोलायची, पोचलो, ठीक आहे, पत्ता कळेल, ठेवतो. हिने "जेवलास का रे" विचारेपर्यंत कट. मग काही दिवसांनी एक खोका आला, त्यात त्याने घरून घालून नेलेले कपडे, बूट, मोज्यासकट. या खोक्याबद्दल आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं हो. दुपारी तीनला दारात आला आणि त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही, पिझ्झा मागवला.

तर पत्र हाच काय तो मार्ग आणि मी शेवटचं पत्र लिहिलं होतं ते इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर असताना, ते पण पैसे संपले म्हणून. म्हणून हे ॲप घेतलं.

चालतं कसं, तर फोनवर मजकूर टाइप करायचा, एक फोटो जोडायचा, ते लोक त्यांच्याकडे प्रिंट काढून कुरिअरने कॅम्पवर पोचवतात, आणि आत एक कोरा कागद आणि उलट टपालाचं पाकीट असतं, आपला पत्ता छापलेलं, तिकीट लावलेलं. मला एक पत्र साधारण 4 डॉलरला पडलं. पोस्टाचं तिकीट तेव्हा 68 सेंटला होतं, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

पहिलं पत्र हरवलं, पण ती चूक माझी. तिथे बराकीला शिप म्हणतात, जमिनीवर बांधलेली बिल्डिंग पण नाव शिप, फरशीला डेक, संडासाला हेड. पत्त्यात शिपचा नंबर आणि डिव्हिजनचा, म्हणजे पोराच्या तुकडीचा, नंबर दोन्ही लागतात आणि मी पठ्ठ्याने दोन्ही एकमेकांच्या जागी टाकले. सपोर्टवाल्या बाईने शांतपणे समजावून सांगितलं आणि त्या पत्राचे पैसेही परत टाकले, तो अर्धा स्टार तिचा.

आता खरी गोष्ट. माझी आई तेव्हा कराडहून सहा महिन्यांसाठी आलेली, नातू सैन्यात गेला (नेव्ही वगैरे फरक तिच्या लेखी नाही) म्हटल्यावर तिने रीतसर पत्र लिहिलं, वर श्री, खाली अनेक आशीर्वाद, आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. चांगलं बोट भरून. मी ते पाकिटात घालायला निघालो आणि पोरगी ओरडली, बाबा, मिलिटरी बेसवर लाल पावडर भरलेलं पाकीट पाठवताय? डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं, बेस रिकामा केलाय, मास्क लावलेली माणसं, आणि मधोमध आईचं पत्र. मग कागद खिडकीत उजेडात धरून फोटो काढला आणि ॲपमधून पाठवला. कुंकवाचा रंग प्रिंटमध्ये जरा विटकरी आला म्हणे, पण कोपऱ्यावर आजीच्या बोटाचा ठसा ओळखू येत होता असं त्याने लिहिलं. या एका पत्राचे मी 10 डॉलर पण दिले असते.

पण तक्रार पण याच पत्राची. फोटो ॲपने आपोआप कापला आणि आईची शेवटची ओळ गेली. त्या ओळीत काय होतं हे ती अजून सांगत नाही, "आता त्याला समोर सांगेन" म्हणते. कापायच्या आधी प्रिव्ह्यू नीट दाखवायला काय जातं यांचं? आणि मराठीत टाइप केलेलं तर धडच आलं नाही, जोडाक्षरांच्या जागी चौकोन, पोराने लिहिलं "बाबा मागच्या पत्रात फुलस्टॉप तेवढे वाचता आले". त्यानंतर मराठी सगळं हातानेच लिहून फोटो.

दुसरं म्हणजे ती डिलिव्हर्डची नोटिफिकेशन. दुसऱ्या दिवशी हिरवी टिक येते आणि आपण खूश, पण ती टिक म्हणजे पत्र बेसवर पोचलं एवढंच. त्याच्या हातात पडणार मेल कॉलला, म्हणजे त्यांचे इन्स्ट्रक्टर (आरडीसी म्हणतात) पत्रं वाटतील तेव्हा, आणि उत्तर लिहायला निवांत वेळ मिळायचा तो रविवारी सकाळी, त्यातच कपडे आणि बूट पॉलिश. म्हणजे कुरिअरच्या घाईचे पैसे आपण भरतो आणि पत्र तिथे जाऊन बसून राहतं. माझी साधी पोस्टाची पत्रं दोनतीन दिवस उशिरा निघूनही एकदा ॲपवाल्या पत्रासोबतच त्याला मिळाली. वर रोज दोनदा फोनवर टुंग, "तुमच्या वीराला आज लिहिलंत का?" अरे लिहीन ना, ऑफिसला तर जाऊ दे.

पैसे वसूल झाले ते उलट टपालाच्या पाकिटामुळे. पहिल्या तीन आठवड्यांत पोरांकडे ना तिकीट ना धड वेळ, तयार पाकीट हातात आलं की चार ओळी खरडून टाकून देतात. त्याची पहिली दोन्ही पत्रं त्याच पाकिटातून आली. पोहण्याच्या टेस्टमध्ये उंचावरून उडी मारायची होती, मारली म्हणे, नाकात पाणी गेलं म्हणे, घसा बसलाय. एवढंच. ही ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरायची. मी आयपीएलचे स्कोअर पाठवत होतो, हैदराबादने 277 केले ते पण लिहिलं, तर उत्तर आलं की मुंबईचं काही कळवू नका, इथे आधीच त्रास आहे. शहाणा. त्या सीझनला मुंबई सगळ्यात खालीच राहिली.

पाकिटावर स्टिकर, हार्ट, चकचकीत काही लावू नका, पोराला सगळ्यांसमोर पुशअप्स मारायला लागू शकतात. खाऊ तर नाहीच. हिने बेसनाचे लाडू करून ठेवले होते, ते आम्हीच संपवले.

शेवटच्या परीक्षेला बॅटल स्टेशन्स म्हणतात, रात्रभर साधारण 12 तास, बिल्डिंगच्या आत पाण्यात उभ्या केलेल्या 210 फुटांच्या नकली जहाजावर. ती झाली की डोक्यावरची रिक्रूट लिहिलेली टोपी जाऊन नेव्हीची येते. त्यानंतर त्याचा फोन आला, आवाज चिरका झालेला, आणि यावेळी कागदावरचं वाचत नव्हता. मेच्या मध्यात परेडला गेलो, आईला समोरून तो ओळखूच आला नाही, सगळी पोरं सारखीच दिसतात म्हणाली.

घ्यायचं असेल तर सगळ्यात लहान पॅक घ्या, पहिल्या तीनेक आठवड्यांपुरतं, आणि पुढे पोस्टाची तिकिटं आणि साधी पांढरी पाकिटं. मी 20 चा पॅक घेतला ती चूक. आता तो ए-स्कूलला (बूट कॅम्पनंतरचं नेमलेल्या कामाचं ट्रेनिंग) आहे, फोन परत मिळालाय आणि आमच्या तीन ओळींच्या मेसेजला "के" असं एक अक्षरी उत्तर येतं. चार पत्रं शिल्लक आहेत, एक्सपायर होत नाहीत म्हणतात. कोणाचं पोरगं जाणार असेल तर सांगा, ट्रान्सफर होतात का त्या सपोर्टवाल्या बाईला विचारतो.